दोन अल्बममधली पाच वर्षं

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू २२ वर्षांचा. भोसरीत वडिलांची पॉवर प्रेसची शेड आहे, तिथले आवाज फोनवर टिपून तू लॅपटॉपवर इंडस्ट्रियल रॉक, म्हणजे यंत्रांच्या गोंगाटावर उभं असलेलं रॉक संगीत, करतोस. ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकन बँडचा ट्रेंट रेझनर हे तुझं दैवत. तू विचारलंस, ‘सर, त्याचं सगळं मोठं काम नैराश्यातून आणि नशेतून आलं. माझ्यासारख्या सरळ घरातल्या मुलाच्या संगीताला ती धार कधी येईल का?’ आणि खाली जाता जाता एक ओळ होती: बँडमधले मित्र म्हणतात, थोडी घेतल्याशिवाय हे जमत नाही.

त्या ओळीमुळे हे उत्तर लांबणार आहे. मी २६ वर्षं मुंबईत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. रेझनरचं संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते घासून घासून दबलेल्या एका कॅसेटवर, आणि आजही मिक्स अडला की त्याच्याकडेच जातो. त्यामुळे हे मी मनापासून लिहितोय, नीट वाच.

आधी एक कागद घे आणि चार तारखा लिही. पहिला अल्बम ‘प्रिटी हेट मशीन’, ऑक्टोबर १९८९. दुसरा ‘द डाउनवर्ड स्पायरल’, मार्च १९९४. तिसरा ‘द फ्रजाइल’, सप्टेंबर १९९९. चौथा ‘विथ टीथ’, मे २००५. दोन अल्बममध्ये दर वेळी जवळपास पाच वर्षं. आता त्याखाली लिही: २००१, व्यसनमुक्तीचे उपचार. आणि त्याखाली: एप्रिल २००७ ‘इयर झीरो’, मार्च २००८ ‘घोस्ट्स’चे चार भाग, मे २००८ ‘द स्लिप’. तेरा महिन्यांत तीन रेकॉर्ड्स. मधल्या प्रत्येक वर्षाचा दोष नशेला देता येणार नाही. पहिल्या फटीत लांबलचक दौरे होते आणि रेकॉर्ड कंपनीशी भांडण होतं, शेवटच्या फटीत सावरण्याचा काळही धरला पाहिजे. तरी तो कागद समोर ठेव.

आता मुळाकडे जाऊ. रेझनरचा जन्म १७ मे १९६५चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. आईवडील वेगळे झाले तेव्हा तो पाचेक वर्षांचा होता. त्याला वाढवलं आईच्या आईवडिलांनी, मर्सर नावाच्या छोट्या गावात. लहानपणीच पियानो हाती आला. शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन आणि ट्यूबा वाजवला. मग कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेला आणि वर्षभरात ते सोडून क्लीव्हलंडला आला. पियानोची ही गोष्ट लक्षात ठेव, शेवटी ती परत येणार आहे.

क्लीव्हलंडमध्ये एका स्टुडिओत त्याला काम मिळालं, साहाय्यक इंजिनिअर आणि सफाई कामगार असं दोन्ही. लाद्या पुसायच्या, संडास साफ करायचे, केबल गुंडाळायच्या. बदल्यात रात्री स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा स्वतःचं काम करायची मुभा. तो मालक नंतर कौतुकानं सांगायचा की हा मुलगा फरशीला मेण लावायचा तेही इतकं मन लावून की फरशी देखणी दिसायची. त्या रात्रींतून पहिल्या अल्बमचे डेमो तयार झाले. त्याला हवं तसं वाजवणारा बँड सापडेना, म्हणून सगळी वाद्यं स्वतःच वाजवणाऱ्या प्रिन्स या गायकाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून जवळजवळ सगळं त्यानं एकट्यानं वाजवलं आणि ड्रम्स मशीनवर बसवले. एक मॅकिंटॉश कॉम्प्युटर, टिपलेले आवाज वाद्यासारखे वाजवणारा एक सॅम्पलर, दोनचार सिंथेसायझर, बस.

मीही अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत चहा आणण्यापासून सुरुवात केली, म्हणून या भागापाशी मी नेहमी थांबतो. रात्री दोन वाजता रिकाम्या स्टुडिओत एकच बीट चाळीस वेळा ऐकायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. झोप आवरावी लागते, कान ताजे ठेवावे लागतात आणि सकाळी नऊला परत झाडू हातात घ्यावा लागतो. नशेत हे एक आठवडा जमेल, वर्षभर जमत नाही.

तुझ्या प्रेसच्या आवाजांकडे येतो. ‘इंडस्ट्रियल’ हे नाव पडलं लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटामुळे. त्यांनी १९७६ मध्ये स्वतःचं लेबलच ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नावानं काढलं. पोलादाचं शहर असलेल्या शेफील्डमधून कॅबरे व्होल्टेअर आले. बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटेननं तर पत्रे, ड्रिल, भंगार हेच वाद्य म्हणून मंचावर आणलं. शिकागोत वॅक्स ट्रॅक्स लेबलभोवती मिनिस्ट्रीसारखे बँड जमले. म्हणजे रेझनर या घराण्याचा संस्थापक नव्हे. माझ्या मते त्यानं केलेली मोठी गोष्ट अशी की त्यानं या गोंगाटात चाल आणली, गुणगुणता येईल असं धृपद आणलं, आणि ‘मी’ म्हणून बोलणारा एक दुखावलेला माणूस मध्ये उभा केला. यंत्राच्या आवाजात माणूस अडकलाय असं ऐकणाऱ्याला वाटतं ते त्यामुळे.

पहिला अल्बम ज्या कंपनीनं काढला तिचा मूळ धंदा टीव्ही मालिकांच्या शीर्षकगीतांचे संग्रह विकण्याचा होता. अल्बम हळूहळू चढत गेला आणि दहा लाखांच्या पुढे खपला. मग कंपनीला त्याचीच दुसरी आवृत्ती हवी होती, याला नको होती. भांडण इतकं वाढलं की १९९२ची ‘ब्रोकन’ ही छोटी रेकॉर्ड त्यानं कंपनीला पत्ता लागू न देता केली, वेगळ्या नावांनी स्टुडिओ घेऊन. शेवटी इंटरस्कोप कंपनीनं मध्ये पडून मार्ग काढला आणि त्याला स्वतःचं ‘नथिंग’ लेबल मिळालं. ‘ब्रोकन’मधल्या एका गाण्याला १९९३ मध्ये ग्रॅमी मिळालं.

आता तुझ्या मित्रांचा लाडका भाग. ‘द डाउनवर्ड स्पायरल’साठी त्यानं लॉस एंजेलिसमधलं एक घर भाड्यानं घेतलं आणि तिथेच स्टुडिओ उभारला. तेच ते सिएलो ड्राइव्हवरचं घर, जिथे १९६९ मध्ये चार्ल्स मॅन्सन या गुन्हेगाराच्या टोळीनं शॅरन टेट या गरोदर अभिनेत्रीसह पाच जणांची हत्या केली होती. ही गोष्ट सांगणारे इथेच थांबतात, अंगावर काटा आला की संपलं. पुढचं मात्र रेझनरनंच सांगितलंय. शॅरनची बहीण त्याला भेटली आणि तिनं तोंडावर विचारलं की माझ्या बहिणीच्या मृत्यूचा तू वापर करतोयस का? तोवर त्याच्या मनात ते घर म्हणजे एक विलक्षण जागा होती, इतकंच. त्या प्रश्नानं त्याला पहिल्यांदा कळलं की इथे कुणाची तरी खरी बहीण गेली आहे. त्या रात्री तो घरी जाऊन रडला. अंधाराचं आकर्षण असणाऱ्या प्रत्येक तरुण कलाकारानं त्या बाईंचा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा असं मला वाटतं. दुःख हा देखावा असतो तेव्हा ते नेहमी दुसऱ्याचं असतं.

तो अल्बम मी हेडफोन लावून, तुकडे पाडून ऐकलाय. ‘क्लोजर’ या गाण्याचा तो धपाधप ठोका इगी पॉप या रॉक गायकाच्या १९७७च्या एका गाण्यातून उचलून इतका बदललाय की मूळ ओळखणं कठीण. त्याच गाण्याच्या शेवटी गोंगाट ओसरतो आणि पियानोवर एक छोटी उतरती सुरावट उरते. तीच सुरावट अल्बममध्ये पुढे पुन्हा येते, वेगळ्या वेषात. शेवटच्या ‘हर्ट’मध्ये तो जवळजवळ कुजबुजतो, मागे वाऱ्यासारखी घरघर आणि गिटारवर एक मुद्दाम बोचरा ठेवलेला स्वर. मग अखेरीस एकच प्रचंड फाटका आघात. मिक्सिंग करणारा माणूस म्हणून सांगतो, हा आघात भिडतो तो आधीच्या शांततेमुळे. सगळीकडे डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, की कान दोन मिनिटांत बधिर होतो. कुठे थांबायचं, कुठे सोडायचं, ही मोजमापं तिथे इतकी काटेकोर आहेत की तो अल्बम करणारं डोकं ताळ्यावर होतं याबद्दल मला शंका नाही.

त्यानं स्वतः नंतर सांगितलं की त्या अल्बममधल्या कोसळत जाणाऱ्या माणसाची गोष्ट आधी लिहिली गेली आणि मग तो ती जगत गेला. क्रम बघ. अल्बम आधी, कोसळणं नंतर.

कोसळणं दौऱ्यात सुरू झालं. ऑगस्ट १९९४ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात चिखलानं माखलेला बँड साऱ्या जगानं पाहिला आणि एका रात्रीत तो प्रचंड प्रसिद्ध झाला. रोज रात्री वीस हजार लोकांसमोर स्वतःचं दुखणं ओरडून सांगायचं, मग हॉटेलच्या खोलीत एकटं बसायचं. लाजाळू माणूस, गर्दीत वावरायला दारू बरी वाटली. मग कोकेन. १९९७ मध्ये त्याला वाढवणारी आजी गेली. तोवर तो न्यू ऑर्लिन्सला राहायला गेला होता, एका जुन्या अंत्यविधीगृहाच्या इमारतीत स्टुडिओ करून. बाहेरून सगळं त्याच्या प्रतिमेला शोभणारं होतं. आत तो कामाला बसायचं टाळत होता. लिहायला बसलो तर आपल्याकडे काही उरलेलं नाही हे कळेल, ही भीती. अॅलन मोल्डरसारखा खंबीर सहकारी सोबत होता म्हणून दोन वर्षांच्या खटपटीनंतर ‘द फ्रजाइल’ पूर्ण झाला. २३ रचनांचा दुहेरी अल्बम, मला त्याचा सगळ्यात जवळचा वाटणारा. पहिल्या आठवड्यात तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या दहातूनही घसरला.

जून २००० मध्ये लंडनला दौऱ्यावर असताना त्यानं कोकेन समजून जे ओढलं ते हेरॉइन होतं. हॉस्पिटलात जाग आली. वाचला तो नशिबानं, हे तोच म्हणतो. तरीही लगेच सुटलं नाही, पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

इथे माझा अनुभव सांगतो, कारण तुझे मित्र जे म्हणतात ते मी समोर बसून मोजलंय. घेऊन गायलेले, वाजवलेले शेकडो टेक मी रेकॉर्ड केलेत. रात्री एकला कलाकाराला वाटतं की आज देव उतरलाय. सकाळी अकराला तोच टेक ऐकताना तोच माणूस मान खाली घालतो. ताल मागे पडलेला असतो, शब्दांची टोकं गेलेली असतात, आणि मुख्य म्हणजे सगळं एकाच पट्टीत जोरात असतं. कान थकल्यामुळे प्रत्येक जण आवाज वाढवत गेलेला असतो. माझा एक जिवाभावाचा मित्र, गिटारवादक, ४१व्या वर्षी यकृत निकामी होऊन गेला. त्याची हार्ड डिस्क त्याच्या बायकोनं माझ्याकडे दिली. शेवटच्या तीन वर्षांतल्या ६१ फाइल्स आहेत. कुठे वीस सेकंद, कुठे दीड मिनिट. काही सुरुवाती इतक्या सुंदर आहेत की मी त्या दुसऱ्यांदा ऐकू शकत नाही. पूर्ण गाणं एकही नाही. सुचणं शेवटपर्यंत शाबूत होतं रे. पूर्ण करण्याची ताकद दारूनं नेली.

रेझनरची फट मला म्हणूनच कळते. २००१ मध्ये तो उपचाराला गेला आणि शुद्धीवर राहिला. पुढची मोठी भीती अशी की आता लिहिता येईल का? तुझ्या प्रश्नाचं उलटं टोक. ‘विथ टीथ’ हे त्याचं उत्तर होतं आणि तोही पहिल्या क्रमांकावर आला. बऱ्याच गाण्यांवर ड्रम्स निर्वाणा बँडच्या डेव्ह ग्रोलचे आहेत, ते एकदा लक्ष देऊन ऐक.

या सावरण्याशी जोडलेल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ मध्ये रेझनर आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी एकत्र दौऱ्यावर होते. बोवी स्वतः कोकेनच्या खाईतून बाहेर आलेला माणूस. उपदेश न करता तो या पोराला मोठ्या भावासारखं सांगत राहिला की दुसरी वाट आहे, शेवट निराशेतच व्हायला हवा असं नाही. रेझनरनं तेव्हा ऐकलं नाही आणि आपण त्याच्यासमोर कसे वागलो याची लाज मनात धरून बसला. पुढे काही वर्षांनी बोवीच्या एका कार्यक्रमानंतर तो मागे जाऊन भेटला आणि आपण सुटलो हे सांगायला लागला. वाक्य पुरं व्हायच्या आत बोवीनं त्याला मिठी मारली. बोवी गेल्यावर, २०१६ मध्ये, रेझनरनं हे जाहीरपणे सांगितलं.

दुसरी गोष्ट जॉनी कॅशची. सत्तरीतला, आजारानं खंगलेला हा कंट्री गायक २००२ मध्ये ‘हर्ट’ गायला. त्याचीही अर्धी हयात गोळ्यांच्या व्यसनाशी झगडण्यात गेलेली. धार्मिक माणूस, म्हणून मूळ गाण्यातला मुकुटाबरोबरचा शिवीचा शब्द काढून त्यानं तिथे ‘काट्यांचा मुकुट’ घातला. बाकी सगळं तसंच. रेझनरला आधी ते परकं वाटलं, पण दिग्दर्शक मार्क रोमानेकनं केलेला व्हिडिओ पाहिल्यावर त्यानं मान्य केलं की गाणं आता आपलं राहिलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी कोवळ्या रागाने लिहिलेलं गाणं म्हाताऱ्याच्या तोंडी गेलं आणि कशालाही धक्का लागला नाही, कारण त्याची बांधणी पक्की होती. तशी बांधणी नुसत्या दुःखातून येत नसते.

पैशाचंही सांगतो, कारण तू बँड रजिस्टर करायचं म्हणतोयस. शुद्धीवर आल्यावर रेझनरनं हिशेब मागितला तेव्हा कळलं की इतक्या यशानंतर हातात धड काही नाही. त्याचा मॅनेजर जुना मित्रच होता, आणि विशीत डोळे झाकून सही केलेल्या करारात त्या मित्राला ढोबळ उत्पन्नाचे २० टक्के होते. ढोबळ म्हणजे खर्च वजा करण्याआधीचे. दौऱ्यात शंभर रुपये आले आणि नव्वद खर्च झाले तर उरलेल्या दहात तुझं काही नाही, उलट दहा तुझ्याकडूनच गेले. २००४ मध्ये खटला झाला, २००५ मध्ये न्यू यॉर्कच्या ज्युरीनं रेझनरला २९.५ लाख डॉलर देववले. मीही तरुणपणी एका जाहिरात संस्थेच्या कागदावर न वाचता सही केली आणि माझी एक जिंगल नऊ वर्षं टीव्हीवर वाजताना नुसती ऐकत बसलो. ‘ढोबळ’ की ‘निव्वळ’ हा एक शब्द बघितल्याशिवाय सही करू नकोस. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही, हेही माहीत असू दे.

नशेबाहेरच्या रेझनरनं काय केलं ते तुझ्या कागदावर आलंच आहे, पण ‘घोस्ट्स’बद्दल थोडं. कंपनी सोडून मोकळा झाल्यावर त्यानं दहा आठवड्यांत शब्दांविना ३६ रचना केल्या. पहिल्या नऊ फुकट, सगळ्या हव्या तर पाच डॉलर, आणि सही केलेला ३०० डॉलरचा संच फक्त २५०० प्रतींचा. ते संच दोनतीन दिवसांत संपले, म्हणजे एकट्या त्यातूनच साडेसात लाख डॉलर. त्यातल्याच एका रचनेतला बँजो नेदरलँड्समधल्या एका पोरानं उचलला, त्यावर लिल नॅस एक्स या रॅपरनं ‘ओल्ड टाउन रोड’ गायलं, आणि २०१९ मध्ये ते गाणं अमेरिकेत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आणि पियानो. २०१०च्या ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटाची सुरुवात ऐक. पियानोचे मोजके एकटे स्वर, खाली विजेच्या खांबासारखी गुणगुण. मर्सरमधल्या मुलाचा पियानो आणि कारखान्याची घरघर, दोन्ही एका ओळीत. संगीतकार अॅटिकस रॉसबरोबर केलेल्या त्या संगीताला २०११ मध्ये ऑस्कर मिळालं, ‘सोल’ या चित्रपटासाठी दशकभरानं दुसरं. तोवर त्याचं लग्न झालेलं, घरात मुलं. संगीतातला अंधार एक कणही कमी झालेला नाही, तू स्वतः ऐकून ठरव.

म्हणून, बाळा, वरणभात जेवून झोपणाऱ्या मुलाला हे जमेल का, तर जमेल. अंधार तुझ्याकडेही आहे. वडिलांची ऑर्डर गेली त्या महिन्याचा आहे, प्रेसमध्ये बोट गेलेल्या कामगाराचा आहे. त्याबद्दल लिही, पण त्या कामगाराला विचारून. आणि त्या ओळीमागे तुझी स्वतःची काही अडचण असेल, घ्यायला सुरुवात झाली असेल किंवा मन फार खाली गेलं असेल, तर लपवू नकोस. पुण्यातच मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या मित्राला मी हे वेळेत म्हटलं नाही.

आता काम. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये प्रेसचा ठोका फोननं चेपून टाकलाय, त्याचा सुरुवातीचा टणका गेलाय. एक साधा हातातला रेकॉर्डर भाड्यानं आण. शेड बंद व्हायच्या वेळी, बाकी मशिन्स थांबल्यावर, वडिलांना एकच प्रेस चालवायला सांग. एकदा दोन हातांवरून आणि एकदा शेडच्या दाराबाहेरून रेकॉर्ड कर, लेव्हल तुला वाटते त्याहून बरीच खाली ठेव. जवळचा ठोका बासखाली किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, म्हणून घे. दारातला आवाज त्याच्यामागे अगदी हळू सोड, त्यात पत्र्याचा घुमारा असेल. प्रेसचा स्वर कोणता लागतो तो पेटीवर शोध आणि गाण्याची पट्टी तिथून धर. दोन मिनिटांचं का होईना, पण सुरुवात आणि शेवट असलेलं काहीतरी मला पाठव.